पाळीव कुत्र्यासह टॅक्सीप्रवास (मोशी व पिंपरी-चिंचवड)

पाळीव कुत्र्यासह टॅक्सीप्रवास म्हणजे भाड्याच्या मोटारीतून किंवा रिक्षातून आपल्या कुत्र्याला सोबत घेऊन शहरात केलेला प्रवास होय. पशुवैद्याकडे नेणे, लसीकरण, घर बदलणे, रेल्वे स्थानक वा विमानतळ गाठणे आणि गावी जाणे ही अशा प्रवासाची नेहमीची कारणे आहेत. पुणे जिल्ह्यातील मोशी, भोसरी, चिखली, चऱ्होली आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात ज्या कुटुंबांकडे स्वतःची चारचाकी नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न सोयीपुरता नसून पुष्कळदा प्राण्याच्या जीविताशी निगडित असतो. भारतीय मोटार वाहन कायद्यात प्रवाशाला नाकारण्याविषयी तरतूद आहे; परंतु प्रवाशासोबतच्या पाळीव प्राण्याचा त्या तरतुदीत उल्लेख नाही. त्यामुळे व्यवहारात हा प्रवास बहुतांशी चालकाच्या संमतीवर अवलंबून राहतो.

पार्श्वभूमी

मोशी हे इंद्रायणी नदीच्या काठी, पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले जुने गाव आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची स्थापना ११ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली. मोशी मात्र आसपासच्या इतर गावांबरोबर १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यापासून या परिसरात उद्योग वाढत गेले. पुढे भोसरी, आकुर्डी, तळवडे आणि चाकण येथे कारखाने उभे राहिले. चाकणजवळचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांमुळे मोशी प्राधिकरण, स्पाईन रस्ता आणि देहू-आळंदी रस्ता या भागांत मोठ्या गृहसंकुलांची वस्ती झाली.

गावातील वाड्यात किंवा मळ्यातील घरी कुत्रा राखणदार म्हणून असे. त्याला वाहनात बसवण्याची वेळ क्वचितच येई. गरज पडल्यास गुरांचे डॉक्टर घरी येत. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाचा कुत्रा मात्र घराच्या आत, माणसांबरोबर वाढतो आणि त्याच्या लसीकरणासाठी व आजारपणासाठी दवाखान्यात जावे लागते. राखणदार ते घरातील सदस्य या बदलामुळे कुत्र्याच्या वाहतुकीचा प्रश्न शहरी जीवनात प्रथमच ठळकपणे पुढे आला.

उपलब्ध वाहने

पुणे व पिंपरी-चिंचवड ही परंपरेने रिक्षांची शहरे आहेत. एकेकाळी पुण्यात टांगे होते. नंतर त्यांची जागा तीनचाकी रिक्षांनी घेतली. या रिक्षा बनवणाऱ्या बजाज ऑटोचा कारखाना आकुर्डी येथेच होता. मुंबईत मोटार टॅक्सी १९११ सालापासून धावू लागल्या आणि काळी-पिवळी टॅक्सी ही त्या शहराची ओळख बनली. पुण्यात रस्त्यावर हात दाखवून थांबवण्याच्या टॅक्सीची तशी परंपरा रुजली नाही. २०१० साली ओला कंपनीची स्थापना झाली, २०१३ साली उबर भारतात आली आणि त्यानंतर मोबाईलवरून मोटार मागवण्याची पद्धत येथेही सर्वत्र पसरली.

कुत्र्यासह प्रवासासाठी सध्या पुढील पर्याय वापरले जातात :

रिक्षा : वाहन दोन्ही बाजूंनी उघडे असल्याने हवा खेळती राहते, वास साचत नाही आणि धुणे सोपे जाते. त्यामुळे मोटारचालकांपेक्षा रिक्षाचालक तुलनेने लवकर तयार होतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मात्र दार नसल्याने कुत्रा उडी मारण्याचा धोका अधिक असतो. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असे भाडे ठरले. या हिशेबाने दहा किलोमीटरच्या अंतराला १६९ रुपये ५० पैसे होतात. मोशीहून नाशिक फाटा साधारण एवढ्याच अंतरावर आहे.

ॲपवरील मोटार : वातानुकूलित आणि बंद असल्याने उन्हाळ्यात कुत्र्यासाठी अधिक सुखकर असते. या भागातील बहुतेक भाड्याच्या मोटारी सीएनजीवर चालतात आणि गॅसची टाकी डिकीत बसवलेली असते. त्यामुळे मोठा पिंजरा डिकीत ठेवता येत नाही. कुत्र्याला मागच्या सीटवर किंवा तिच्यासमोरच्या जागेतच बसवावे लागते.

प्राण्यांसाठी राखीव सेवा : उबरने पाळीव प्राण्यांसाठीची स्वतंत्र सेवा अमेरिकेत २०१९ साली आणि भारतात प्रथम २०२४ साली बंगळूरु येथे सुरू केली. सुरुवातीला तीत मोटार आगाऊ नोंदवावी लागे. याशिवाय मुंबई-पुण्यात लहान व्यावसायिक प्राण्यांसाठी खास मोटारी चालवतात. अशा मोटारीत सीटवर धुता येईल असे आच्छादन असते आणि चालकाला कुत्र्यांची सवय असते. या सेवा बहुधा आधी ठरवाव्या लागत असल्याने अचानक उद्भवलेल्या प्रसंगी त्यांचा उपयोग होतोच असे नाही.

दुचाकी : स्कूटरच्या पायथ्याशी कुत्र्याला उभे करून नेण्याची पद्धत पुणे परिसरात सर्रास दिसते. कुत्रा मध्येच हलल्यास चालकाचा तोल जातो. पुणे-नाशिक महामार्गावरील अवजड वाहतुकीत तर हे दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

लोहमार्गाने जाताना कुत्र्याला सोबत ठेवायचे असेल तर वातानुकूलित प्रथम वर्ग किंवा प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे अथवा केबिन आरक्षित करावी लागते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. परंतु मोशीपर्यंत मेट्रो नाही, आणि गर्दीच्या बसमध्ये मोठे जनावर घेऊन चढणे व्यवहार्य नसते. परिणामी स्थानक, विमानतळ किंवा दवाखाना गाठण्यासाठी रिक्षा व टॅक्सी हेच मुख्य साधन उरते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार टॅक्सी व रिक्षा ही कंत्राटी प्रवासी वाहने आहेत. अधिनियमाच्या कलम १७८ (३) प्रमाणे परवानाधारकाने किंवा चालकाने नियमाविरुद्ध भाडे नाकारणे किंवा प्रवासी नेण्यास नकार देणे हा दंडनीय अपराध आहे. या कलमात शब्द 'प्रवासी' असा आहे. प्रवाशासोबतच्या कुत्र्यामुळे नकार दिल्यास काय, याचे स्पष्ट उत्तर कलमाच्या शब्दांत मिळत नाही. 'मी माणसाला नाकारले नाही, जनावराला नाकारले' असा चालकाचा युक्तिवाद असतो; 'कुत्र्याशिवाय मला जायचेच नाही, म्हणून नकार मलाच आहे' असे प्रवाशाचे म्हणणे असते. पिंपरी-चिंचवडचे परिवहन कार्यालय मोशी येथेच असून एमएच-१४ या क्रमांकाच्या वाहनांची नोंदणी तेथे होते. वाहनचालकांविरुद्धच्या तक्रारीही परिवहन कार्यालयाकडे करता येतात.

याच अधिनियमाच्या कलम ६६ नुसार भाड्याने वाहन चालवण्यासाठी परवाना लागतो. परवानाधारक टॅक्सीची क्रमांकपट्टी पिवळी व अक्षरे काळी असतात. प्राण्यांसाठीची म्हणून मागवलेली मोटार पांढऱ्या पट्टीची, म्हणजे खासगी असेल, तर ती भाड्याने चालवणे बेकायदा ठरते आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

प्राण्यांच्या बाजूने प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा मूळ कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा अपराध आहे. या कायद्याखाली झालेल्या प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्रा प्रवासास योग्य असून त्याला रेबीजसह कोणताही संसर्गजन्य रोग नसल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र, दिवस भरत आलेल्या गाभण कुत्रीच्या वाहतुकीस मनाई, आणि माजावर आलेल्या कुत्रीला नरासोबत न नेणे अशा तरतुदी त्यात आहेत. हे नियम मुख्यतः प्राणी माल म्हणून पाठवण्याच्या संदर्भात लिहिलेले आहेत. तरी लांबच्या प्रवासात आरोग्य प्रमाणपत्र जवळ ठेवणे हितावह असते.

महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना घेणे आवश्यक आहे आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. परवाना व लसीकरणाची नोंद मोबाईलमध्ये असल्यास साशंक चालकाची खात्री पटवणे सोपे जाते. कुत्र्याने चालकाला किंवा अन्य कोणाला चावा घेतल्यास जबाबदारी मालकावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार अंध वा अपंग व्यक्तीच्या साहाय्यक कुत्र्याला टॅक्सीत घेणे चालकावर बंधनकारक आहे. साध्या पाळीव कुत्र्याबाबत मात्र तेथेही निर्णय चालकाचाच असतो. भारतात साहाय्यक कुत्र्यांची संख्या अत्यल्प असल्याने या भेदाची फारशी चर्चा झालेली नाही.

चालकांची बाजू

नकाराला केवळ दुराग्रह म्हणणे योग्य ठरत नाही. बहुतेक चालकांची मोटार कर्जावर घेतलेली असते आणि दिवसाची मिळकत फेऱ्यांच्या संख्येवर ठरते. सीटवर केस, लाळ किंवा उलटी पडल्यास मोटार धुण्यात वेळ जातो, तेवढ्या वेळातील भाडी बुडतात आणि धुण्याचा खर्च पदरचा होतो. वातानुकूलित मोटारीत वास टिकून राहतो. पुढच्या प्रवाशाला केसांची ॲलर्जी असल्यास किंवा वास न आवडल्यास तो ॲपवर कमी गुण देतो, आणि त्याचा परिणाम चालकाला मिळणाऱ्या कामावर होऊ शकतो. काही चालकांना कुत्र्याची भीती असते, काहींना लहानपणी चावा बसलेला असतो, तर काही जण धार्मिक भावनेमुळे कुत्र्याचा स्पर्श टाळतात.

वादाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आधी न सांगणे. मोटार दारात आल्यावर कुत्रा पाहून चालक चकित होतो, फेरी रद्द करतो आणि दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो. फेरी नोंदवल्यावर लगेच दूरध्वनी करून कुत्र्याचा आकार, सोबत चादर असल्याचे आणि सफाईसाठी ठरावीक रक्कम देण्याची तयारी असल्याचे सांगितले, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. होकार देणाऱ्या एक-दोन स्थानिक चालकांचे क्रमांक जपून ठेवणे आणि पुन्हा त्यांनाच बोलावणे ही पद्धत अनेक कुटुंबे पाळतात. ओळखीच्या चालकाला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होतो आणि कुत्र्यालाही त्या मोटारीची सवय होते.

प्रवासाची तयारी

कुत्र्याला निघण्याच्या लगेच आधी भरपेट खाऊ घालू नये. पिल्लांमध्ये शरीराचा तोल सांभाळणारा कानाचा आतील भाग पुरता विकसित झालेला नसतो, त्यामुळे त्यांना मोटार लागण्याचे प्रमाण अधिक असते. वयाबरोबर हा त्रास पुष्कळदा कमी होतो. त्यावर औषधे उपलब्ध आहेत, परंतु ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देणे घातक ठरू शकते.

निघण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणावे, म्हणजे मोटारीत मलमूत्राचा प्रसंग येत नाही. सोबत जुनी चादर, टॉवेल, पाण्याची बाटली, पसरट भांडे आणि कागदी वा प्लास्टिकच्या पिशव्या असाव्यात. गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा हार्नेस अधिक सुरक्षित असतो, कारण अचानक ब्रेक लागल्यास मानेला हिसका बसत नाही. कुत्र्याला पुढच्या सीटवर बसवू नये. चालकाचे लक्ष विचलित होते. खिडकीतून डोके बाहेर काढू देणे कुत्र्याला आवडत असले तरी धूळ व खडे डोळ्यांत जाण्याचा आणि शेजारच्या वाहनाचा धोका असतो. चाकण मार्गावर मालमोटारींची वर्दळ अखंड असल्याने ही खबरदारी विशेष महत्त्वाची ठरते.

उतरताना दार उघडण्यापूर्वीच पट्टा हातात घट्ट धरावा. अनोळखी जागी घाबरलेला कुत्रा दार उघडताच उडी मारतो आणि वाहनाखाली सापडतो किंवा हरवतो. प्रवास संपल्यावर चादर झटकून, सीट पुसून मगच चालकाला निरोप द्यावा. पुढच्या कुत्र्याला ती मोटार मिळेल की नाही, हे या दोन मिनिटांवर ठरते.

उन्हाळा हा सर्वांत कठीण काळ होय. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. म्हणून त्याला बंद मोटारीत क्षणभरही एकटे ठेवू नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेचा त्रास लवकर होतो.

आणीबाणीचा प्रवास

रात्रीच्या वेळी कुत्रा अकस्मात आजारी पडल्यास टॅक्सी मिळणे हा कसोटीचा प्रसंग असतो. मोठ्या छातीच्या जातींमध्ये पोट फुगून पिळा पडणे, उष्माघात, सर्पदंश, उंदराचे विष पोटात जाणे, अडलेली प्रसूती आणि पिल्लांमधील पार्व्हो हे असे प्रसंग आहेत, ज्यांत काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो. मोशीच्या आसपास अजून शेते व ओढे असल्याने सर्पदंशाची शक्यता अगदीच दूरची नाही.

अशा वेळी आधी दवाखान्यात दूरध्वनी करून तो उघडा आहे का आणि आवश्यक सोय आहे का, याची खात्री करावी. मिळेल त्या वाहनाने बंद दवाखान्यापर्यंत जाण्यात वाया गेलेला वेळ परत मिळत नाही. उष्माघात झालेल्या कुत्र्याला निघण्यापूर्वी व वाटेतही साध्या गार पाण्याने भिजवून वारा घालावा. सर्पदंश झालेल्या कुत्र्याला चालवू नये; उचलून न्यावे. जखमी कुत्रा वेदनेने मालकालाही चावू शकतो, म्हणून तोंडाला मुसके बांधावे. मात्र श्वास घेण्यास त्रास होत असल्यास किंवा उलट्या होत असल्यास ते बांधू नये. मोठ्या कुत्र्याला जाड चादरीच्या झोळीतून दोघांनी मिळून उचलावे. चालकाला खरी परिस्थिती थोडक्यात सांगावी. एरवी नाकारणारे चालकही अशा प्रसंगी मदतीला धावून येतात.

पार्व्होग्रस्त पिल्लू नेल्यास त्याची कल्पना चालकाला द्यावी. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने नष्ट होत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणाने जागा पुसावी लागते. तसे न केल्यास त्याच सीटवर बसणाऱ्या दुसऱ्या पिल्लाला संसर्ग होऊ शकतो.

पुण्यात बावधन येथील रेस्क्यू ही संस्था आणि मुंढवा येथील ब्लू क्रॉस सोसायटी प्राण्यांसाठी कार्य करतात. राज्यात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्याखालील फिरती पथके मुख्यतः पशुधनासाठी आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे श्वान संतती नियमन केंद्र नेहरूनगर येथे आहे.

भटक्या कुत्र्यांची वाहतूक

टॅक्सी व रिक्षांचा उपयोग केवळ पाळीव कुत्र्यांपुरता मर्यादित नाही. वस्तीतील भटक्या कुत्र्यांना निर्बीजीकरणासाठी किंवा उपचारासाठी नेणारे स्वयंसेवकही याच वाहनांवर अवलंबून असतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या कुत्र्याला ज्या ठिकाणाहून उचलले तेथेच परत सोडावे लागते. म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे दोन फेऱ्या होतात. भटक्या कुत्र्याला वाहनाची सवय नसते आणि त्याच्या लसीकरणाची खात्री नसते, म्हणून त्याला पिंजऱ्याशिवाय टॅक्सीत नेणे सुरक्षित नाही. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजप्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो.

हेही पाहा

मोशी
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
ऑटोरिक्षा
काळी-पिवळी टॅक्सी
प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०
रेबीज